विषय: आमदारांचा पगार वाढला, आपल्या सवलतीचं काय?

मंडळी, सप्रेम नमस्कार.

जानेवारी २०२६ पासून न्यू जर्सीच्या आमदारांचा वर्षाचा पगार ४९ हजारांवरून ८२ हजार डॉलर झाला. गव्हर्नरांचा १,७५,००० चा २,१०,००० झाला. इकडे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर अशी घराच्या टॅक्सची बिलं येतात, वर्षाला ११,००० डॉलर जातात आणि मी रिटायर्ड. मंडळाने निषेधाचं पत्र पाठवावं.

— काका, एडिसन

काका, नमस्कार.

संताप रास्त आहे, पण पगारवाढीवर भांडून हाती काही लागणार नाही. तो पगार २००२ पासून अडकला होता. तेवढ्यावर नोकरदार माणूस आमदारकीला उभा तरी कसा राहणार? आणि १२० आमदारांची वाढ एकत्र केली तरी ४० लाख डॉलर भरत नाहीत. ज्येष्ठांना घराच्या टॅक्समध्ये सवलत देणाऱ्या 'स्टे एनजे' योजनेचा खर्च अब्जावर जातो.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. पगारवाढीवर जानेवारी २०२४ मध्ये सही झाली आणि ठरल्या तारखेला ती लागू झाली. 'स्टे एनजे'चा कायदा त्याच्याही आधीचा, जून २०२३ चा: पासष्टीपुढच्या घरमालकांना निम्मा टॅक्स परत, कमाल ६,५०० डॉलर. पण त्याचे पैसे दरवर्षी बजेटमध्ये ठेवले तरच मिळणार. म्हाताऱ्यांनी दरवर्षी जूनमध्ये बजेट ठरेपर्यंत जीव मुठीत धरून का बसायचं? पत्र लिहायचंच तर यावर लिहूया.

आणि काका, तुम्ही पीएएस-१ फॉर्म भरलात ना? सीनियर फ्रीझ (ज्येष्ठांना टॅक्सची वाढ परत देणारी योजना), अँकर (टॅक्ससवलतीची दुसरी योजना) आणि स्टे एनजे, तिन्हींना तो एकच. मात्र तिन्ही रकमांची बेरीज धरू नका; बाकी दोन्ही वजा करून उरेल तेवढंच स्टे एनजे देतं. तुमच्या ११,००० चे निम्मे ५,५००. उत्पन्न दीड लाखाच्या आत असेल तर अँकरचे १,७५०, आणि फ्रीझ लागू नसेल तर उरलेले ३,७५० स्टे एनजेतून.

घर मुलाच्या नावावर आणि आईवडील सोबत राहतात, अशी कुटुंबं आपल्यात बरीच आहेत. तिथे आईवडिलांना स्टे एनजे मिळत नाही. घर स्वतःच्या नावावर लागतं.

— पार्सिपनीहून, तुमची पुतणी

पुतणीबाई, फॉर्म भरलेला नाही, आज बसतो. पत्राचा मसुदा तू टाक, सह्या गोळा करायचं माझ्याकडे.

— काका