मदत हवी आहे: 'ब्लू ब्लड्स' संपली, बाबांना टॉम सेलेकचं पुढे काय दाखवू?

बाबा फौजदार म्हणून निवृत्त झाले. सध्या आमच्याकडे अमेरिकेत एडिसनला आहेत आणि 'ब्लू ब्लड्स' या पोलीस मालिकेच्या १४च्या १४ सीझनचा त्यांनी फडशा पाडलाय. त्यातला टॉम सेलेकचा पोलीसप्रमुख फ्रँक रेगन त्यांच्यासाठी 'कमिशनरसाहेब'. त्या घरातलं रविवारचं एकत्र जेवण बघून आमच्याही टेबलावरून मोबाइल हद्दपार झालेत. आता रोज एकच धोशा: "या मिशीवाल्याचं आधीचं काहीतरी काढ."

शोधायला बसले तर माणूस भलताच निघाला. जन्म १९४५, डेट्रॉइट. कॉलेजात बास्केटबॉल खेळायचा. 'द डेटिंग गेम' या जोडीदार निवडायच्या टीव्ही शोमध्ये दोनदा गेला, दोन्ही वेळा मुलीने दुसऱ्यालाच निवडलं! मग मॉडेलिंग. सेलम सिगारेटच्या होर्डिंगवर हाच, पेप्सीच्या जाहिरातीत हाच. सहा पायलट (मालिकेचे नमुना भाग) केले, एकाचीही मालिका झाली नाही. 'मॅग्नम पी.आय.' ही हवाईतल्या लाल फेरारीवाल्या खासगी डिटेक्टिव्हची मालिका मिळाली ती १९८० मध्ये, पस्तिशीत. (आपल्याकडे तोवर मुलीकडच्यांनी नाद सोडला असता.)

तर दोन प्रश्न:

'मॅग्नम'चे १६२ भाग आहेत. पहिल्यापासून लावू का? बाबांना इंग्रजी समजतं, पण भरभर मारलेले विनोद निसटतात.

दुसरं, सिनेमातला 'इंडियाना जोन्स'चा रोल याने स्वतःहून सोडला, असं बाबा छातीठोकपणे सांगतात. नवरा म्हणतो, सोडावा लागला. घरात दोन तट पडलेत.

प्रतिसाद १
नवऱ्याचं बरोबर. स्क्रीन टेस्ट झाली होती, दिग्दर्शक स्पीलबर्ग आणि निर्माते लुकास यांना तोच हवा होता. पण सीबीएस वाहिनीने 'मॅग्नम'च्या करारातून मोकळं केलं नाही. वर दैवाचा खेळ असा, की त्याच वर्षी कलाकारांचा संप झाला, 'मॅग्नम'चं शूटिंग लांबलं आणि तोवर त्याच्या जागी घेतलेला हॅरिसन फोर्ड सिनेमा उरकत आला होता.

प्रतिसाद २
निवृत्त पोलिसाला हवाईतली लाल फेरारी कशाला? 'जेसी स्टोन' लावा. छोट्या गावातला पोलीसप्रमुख, दारूशी झगडणारा, सोबत एक कुत्रा. संवाद कमी आणि संथ, त्यामुळे भाषेची अडचण नाही. दीड तासाचे टीव्ही-सिनेमे आहेत. 'स्टोन कोल्ड' आधी आला (२००५), पण कथेच्या क्रमाने 'नाइट पॅसेज' पहिला बघा.
'मॅग्नम' नंतर बघायचीच असेल तर तिसऱ्या सीझनचा पहिला, दोन भागांचा एपिसोड लावा. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकाकडे तेव्हाचा टीव्ही बहुतेक माथेफिरू म्हणूनच बघायचा, ही मालिका तशी नाही. शेवट मात्र आधी सांगू नका.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. काल 'नाइट पॅसेज' लावला. बाबा मध्ये एकदाच बोलले: "पंचनामा नीट केला नाही यांनी." म्हणजे आवडलाय. इंडियाना जोन्सचं अजून सांगितलेलं नाही, रविवारच्या जेवणात सांगेन म्हणते.