अनुभव धागा: हापिसात कॉम्प्युटर आला, अन् आपलं काय झालं?

परवा दवाखान्यातून मानेला पट्टा बांधून निघालो, एसटीत बसलो, तर शेजारच्या बाईंच्याही मानेला पट्टा. त्या पंचायत समितीत, मी तहसीलात. दोघंही हसलो. गावाकडच्या कचेरीत, बँकेत, अंगणवाडीत यंत्रं आली तेव्हा तुमच्या अंगावर अन् नोकरीवर काय बेतलं? मोकळेपणानं लिहा.

पळसफूल (यवतमाळ जिल्हा): मी अंगणवाडी सेविका. लेकराचं वजन आधी वहीत लिहायचं, मग मोबाईलवर भरायचं. वही काही सुटली नाही. 2021 मध्ये राज्यभर सेविकांनी मोबाईल परत केले, त्यात मीही होते. आता अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागतो. दिवसा कळत नाही, रात्री भाकर थापताना कळतो.

जुनी पासबुक: बँकेत लेजरच्या, म्हणजे जाड खातेवह्यांच्या, काळात पाठ दुखे, आता मान. आमच्या शाखेत नऊ जण होतो, मी निवृत्त झालो तेव्हा चार. गर्दी तेवढीच.

घंटीवाला: माझं टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं, चौदा मशीनं. मिनिटाला मराठी 30, इंग्रजी 40 शब्दांच्या परीक्षेला खेड्यापाड्यांतून पोरं सायकलीनं येत. कॉम्प्युटर टायपिंग आलं अन् मशीनं किलोच्या भावानं भंगारात गेली. एक सांगतो, मशीनवर ओळ संपत आली की घंटी वाजे, डावा हात उचलून कॅरेज ढकलावी लागे. तेवढाच खांदा मोकळा होई. कागद बदलताना पाठ सरळ होई. कीबोर्डवर माणूस दोन-दोन तास हलत नाही. आता मी दुसऱ्याच्या सेंटरवर फॉर्म भरतो, तिथं हे रोज पाहतो.

बाभूळबन: ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. मानधन कधी तीन-तीन महिने येत नाही. दिवसा लाइन नसली का दाखले रात्री काढा. डोळ्याची आग आग होते. डॉक्टर म्हणे दर 20 मिनिटांनी 20 फूट लांब 20 सेकंद पाहा. आमची खोलीच दहा फुटांची! मंग दार उघडून समोरच्या निंबाकडं पाहतो. लोक म्हणतात, परिचालक टाइमपास करून राहिला.

जुनी पासबुक: खिडकी पाठीशी आहे का? स्क्रीनवर उजेडाची चमक येत असंल तर टेबल आडवं फिरव.

बाभूळबन: फिरवलं असतं काका. वायर पुरत नाही.