साठीनंतरची अळिंबी तीन दिवसांत शिकून होत नाही

वाफसा (मूळ धागा)

फिरत फिरत आलेली पोस्ट बहुतेकांनी वाचली असेल: ‘निवृत्त झालात? घरात बसू नका. तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्या, दहा बाय बाराच्या खोलीत धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) लावा, दोन लाख गुंतवा, महिना तीस हजार कमवा. शिकण्यासारखं फारसं नाही, बुरशी आपोआप वाढते.’

आपोआप वाढते ती हिरवी बुरशी. धिंगरी वाढवावी लागते.

आधी हिशेब. एवढ्या खोलीत शिंकाळी टांगून दीडशेच्या आसपास पिशव्या बसतात. पिशवीत एक किलो कोरडं काड (भाताचा किंवा गव्हाचा पेंढा), त्यावर तीन तोडे मिळून ५०० ते ७०० ग्रॅम ताजा माल. म्हणजे ९० किलो, तोही भरणीपासून शेवटच्या तोड्यापर्यंत दोन महिन्यांत. घाऊकात किलोला १५० मिळाले असं धरलं तरी महिन्याला ६,७५०. त्यातून स्पॉन (अळिंबीचं बियाणं), काड, पिशव्या, वीज, वाहतूक वजा व्हायचीय. तीस हजार आले कुठून?

तीन दिवसांत पिशवी भरायला येते. ती का नासली हे कळायला हंगाम जावा लागतो. काडाची मूठ घट्ट आवळली तर तळवा ओलसर व्हावा, थेंब पडू नये. थेंब पडला तर आत आंबट वास सुटतो आणि स्पॉन पसरतच नाही. काड पावसात भिजून वाळलेलं असेल तर चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवे डाग. खोलीत हवा खेळती नसेल तर दांडे लांबच लांब आणि टोप्या बटणाएवढ्या. प्रत्येक दोषाचं कारण वेगळं असतं आणि दिसायला सुरुवातीला सगळं सारखंच दिसतं.

साठीला नवं काम जरूर शिकावं. पण पहिलं वर्ष शिकण्याचं: दहा पिशव्या पावसाळ्यात, दहा हिवाळ्यात, दहा उन्हाळ्यात. प्रत्येक पिशवीची वहीत नोंद: भरल्याची तारीख, तापमान, आर्द्रता, तोड्याचं वजन. दोन लाख त्यानंतर.

पारावरचा

हिशेब मान्य. सूर मान्य नाही. माणूस निवृत्त झाला की त्याला दोनच गोष्टी सांगितल्या जातात: पैसे ठेवीत टाका आणि नातवंडं सांभाळा. त्याने काही नवं काढलं की लगेच कॅल्क्युलेटर बाहेर. २५ वर्षांच्या पोराला ‘आधी वर्षभर वही लिही’ असं कोणी सांगतं का?

उलट हे काम साठीच्या माणसालाच जमतं. दिवसातून दोन-तीनदा फवारा, आर्द्रता ८०-८५ टक्क्यांवर ठेवणं, वेळच्या वेळी तोडणी. यात ताकद लागत नाही, सातत्य लागतं. ज्याने तीस वर्षं खातेवही सांभाळली त्याला नोंदी ठेवायला शिकवावं लागत नाही.

वाफसा

ताकद लागत नाही हे कोण म्हणालं? दहा किलो कोरडं काड भिजून निघतं तेव्हा तीस किलोच्या वर जातं. ते ड्रममधून काढताना कंबर जाते. सगळ्यात खालच्या शिंकाळ्यासाठी वाकून गुडघे जातात. ओल्या फरशीवर पाय घसरून खुबा मोडण्याची भीती वेगळीच. म्हणून फरशीवर वाळूचा थर द्यायचा: पायाला पकड मिळते आणि ओलही टिकते. शिंकाळी कमरेच्या वर बांधायची. काड एकदम न काढता गोणपाटाच्या लहान पिशव्यांत भिजवायचं. वय पाहून कामाची मांडणी बदलावी लागते, आणि प्रशिक्षणात नेमकं हेच कोणी सांगत नाही.

गिरणगाव

तुम्ही दोघंही पेन्शनवाल्यांसाठी बोलताय. ईपीएस-९५ची (खासगी नोकरदारांच्या कर्मचारी पेन्शन योजनेची) किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर अडकलीय. ५८ व्या वर्षी कंपनीतून बाहेर पडलेल्या माणसाला ‘जगण्याला नवा हेतू’ नकोय, महिन्याचं वाणसामान भरायचंय. त्याला वर्षभर शिक म्हणणं म्हणजे वर्षभर उपाशी राहा म्हणणं.

वाफसा

आणि त्याच माणसाचे दोन लाख सगळ्यात आधी बुडतात! हमीभावाने माल परत घेण्याचा करार कसा चालतो बघा. तयार पिशव्या दुप्पट भावाने गळ्यात मारायच्या, सुकवलेली अळिंबी आम्हीच घेऊ म्हणायचं, आणि माल आला की ‘ओल जास्त आहे’ म्हणून परत. दहा किलो ताज्याची जेमतेम एक किलो सुकी होते. पावसाळ्यात ती नुसत्या पंख्याखाली वाळत नाही, ४५ ते ५० डिग्रीचा ड्रायर लागतो. तो किमतीत धरलेलाच नसतो. हेच दोन लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १६,४०० येतात. वाणसामान भरायचं असेल त्याने तिथून सुरुवात करावी आणि दहा पिशव्या सोबत लावाव्यात.

कुटार

विषय फार वाढवलात. नासाडीवर सोपा उपाय आहे. ९० लिटर पाण्यात दहा किलो काड, वेगळ्या दहा लिटरमध्ये साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि १२५ मिली फॉर्मॅलिन, ते ड्रममध्ये ओतून १८ तास झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी निथळून भरा. हिरवी बुरशी दिसणार नाही.

खिडकी

हे तुम्ही घरात करायला सांगताय? फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्माल्डिहाइड, आणि ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. मोकळ्या शेडमध्ये एक वेळ ठीक. फ्लॅटच्या बाथरूममध्ये, साठीची छाती, शेजारी नातवंडं? आणि ते शंभर लिटर पाणी ओतणार कुठे?

कुटार

ही पद्धत वर्षानुवर्षं शिकवली जातेय, मी काढलेली नाही. त्याऐवजी काड गरम पाण्यात निर्जंतुक करायचं तर शंभर लिटरमागे किलोभर गॅस जातो. तो खर्च कोण देणार?

खिडकी

रोग झाला तर त्याचा खर्च कोण देणार? ६५ ते ७० डिग्रीला एक तास पुरतो. चूक होते ती वेळ मोजण्यात. गार काड टाकलं की पाणी पटकन उतरतं. पुन्हा ६५ वर आलं की तिथून तास धरायचा. खळखळ उकळायचंही नाही, काड मऊ पडतं आणि मग नको ते आधी वाढतं. साधा थर्मामीटर लागतो, बाकी काही नाही.

छातीचा विषय निघालाच आहे तर धिंगरीच्या बीजाणूंबद्दल एकही शब्द का नाही? टोपीची कड वर वळली की पांढरी भुकटी उडते. बंद खोलीत रोज ती ओढली तर खोकला, ताप, दम. दमेकऱ्याने या कामात पडूच नये. इतरांनी कड खाली असतानाच तोडावं, एन-९५ मास्क घालावा, आणि खोली झोपण्याच्या खोलीला लागून नसावी.

घाटमाथा

तिसरा मार्ग चुन्याचा. विझवलेल्या चुन्याची कोरडी भुकटी पाण्यात घालून पीएच (पाण्याच्या आम्ल-अल्कपणाचं माप) १२ च्या वर न्यायचा, काड रात्रभर बुडवायचं, सकाळी नीट निथळायचं. गॅस नाही, फॉर्मॅलिन नाही. पीएचपट्टीने तपासल्याशिवाय मात्र करू नका, जुना चुना हवेने मेलेला असतो. हातमोजे आणि चष्मा हवाच.

कुटार

चुना करून बघायला हरकत नाही. फॉर्मॅलिन घरात नको, एवढं मान्य. शेडमध्ये मी ते चुकीचं म्हणणार नाही.

पारावरचा

माझंही थोडं मान्य करतो. बीजाणूंचं मला माहीत नव्हतं आणि त्या पोस्टमध्ये ते असायलाच हवं होतं. पण वर्षभर थांबा हे मी सांगणार नाही. दहा पिशव्या उद्या लावा म्हणेन. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी प्रकल्प आहे, तिथे आधी चौकशी करा.

वाफसा

दहा पिशव्या उद्या लावा, हेच मी म्हणतोय! फक्त स्पॉन आधी नोंदवून ठेवा. महिन्याच्या आतलं, पांढरंशुभ्र, आंबट वास नसलेलं. दहा पिशव्यांना पाऊण किलो पुरतं. एसटीच्या डिकीत भर दुपारी पाठवू नका, गाठ पडून आतून तापतं आणि मरतं. रात्रीच्या गाडीने मागवा आणि पोचल्याबरोबर पिशवी उघडून हात लावून बघा. गरम लागलं तर त्या दिवशी भरणी करू नका.