ई-फेडमध्ये लिहायला सुरुवात करायची आहे, सल्ला हवा

लालमाती_खानापूर

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, वय 21, बेळगावात डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत गावच्या तालमीत होतो. गुडघ्याची लिगामेंट गेली आणि आखाडा सुटला. गेले दोन महिने रोज रात्री ई-फेड वाचालोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टीव्हीवरच्या रिंगमधल्या कुस्तीसारखा हा इंटरनेटवरचा लिहिण्याचा खेळ. आपण एक पैलवान तयार करायचा, लढतीआधी त्याचं भाषण नाहीतर एखादा प्रसंग लिहायचा. समोरचाही लिहितो. ज्याचं लिखाण सरस, त्याचा पैलवान जिंकतो.

मला हे मनापासून आवडलंय. अंगानं खेळायचं राहिलं ते लिहून खेळता येईल असं वाटतंय. पण कुठल्या प्रकारच्या फेडमध्ये जाऊ? शिक्षण मराठी माध्यमातून, इंग्रजी जेमतेम. पात्र असं ठरवलंय: सात फुटी, कधीच न हरलेला, नाव ‘बेळगाव बीस्ट’. चालेल का?

शहापूरकर

सीमाभागातून कुणीतरी हे विचारतंय, फार बरं वाटलं. मी 2011 पासून लिहितोय. तेव्हापासून पाच फेड झाले, त्यातले तीन बंद पडले. कुणीतरी एक माणूस नोकरी-संसार सांभाळून फेड चालवत असतो, तो थकला की सगळं थांबतं. म्हणून लिहिलेलं प्रत्येक अक्षर स्वतःकडे जपून ठेव. एका फोरमबरोबर माझं दोन वर्षांचं लिखाण गेलं, अजून हळहळ वाटते.

प्रकार मुख्य दोन. एकात मालक किंवा परीक्षक दोघांचं वाचून निकाल देतात. दुसऱ्यात निकाल दोघं मिळून आधीच ठरवतात आणि गोष्ट रंगवतात, त्याला अँगल फेड म्हणतात. तू पहिल्यात जा. हरलास तर का हरलास ते कळेल. नाव नोंदवण्याआधी त्यांचे मागचे तीन-चार शो वाच. तारखा पाळल्यात का, नवीन माणसाला पहिली लढत कधी मिळाली, निकालाबरोबर दोन ओळी अभिप्राय असतो का. अभिप्राय देणारा फेड मिळाला तर त्याचा लोगो कसा आहे आणि बेल्ट किती आहेत ते बघत बसू नकोस. एका लढतीला एकच रोलप्ले (म्हणजे ते भाषण किंवा प्रसंग) आणि दीड-दोन हजार शब्दांची मर्यादा असेल तर सुरुवातीला उत्तम. मर्यादा नसली की जुनी माणसं दहा हजार शब्द लिहितात आणि नवा गडी पहिल्या महिन्यातच दमतो.

मुदतीचं नीट समजून घे. बरेच फेड अमेरिकेच्या ईस्टर्न वेळेवर चालतात. तिथली रविवार रात्र 11:59 म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात आपली सोमवार सकाळ 9:29, आणि हिवाळ्यात 10:29. परीक्षा असेल तर मालकाला आधी कळव. न सांगता लढत चुकवणाऱ्याला पुन्हा चांगली लढत मिळायला वेळ लागतो.

आता पात्र. सात फुटी अजिंक्य माणूस घेऊ नकोस. असे प्रत्येक फेडमध्ये चार-पाच असतात, आणि न हरणाऱ्या माणसाची काळजी वाचणाऱ्याला वाटत नाही. तुझ्याकडे तालीम आहे रे! पहाटे हौदा उकरणं, मातीत ताक, लिंबू, हळद, तेल घालणं, त्या मातीचा वास. मैदानात हलगी वाजायला लागली की पोटात येणारा गोळा. हे तिथल्या कुणाला लिहिता येणार नाही.

आणि एक गोष्ट मला पूर्वीपासून लिहावीशी वाटते, ती तू घे. आपल्या मातीत दोन्ही खांदे टेकले की चितपट, कुस्ती संपली. तिकडे रिंगमध्ये पंच तीन मोजेपर्यंत संपत नाही. तुझा पैलवान समोरच्याला आस्मान दाखवतो आणि सवयीनं हात वर करून उभा राहतो. तोवर समोरचा उठलेला असतो. ही एक खोड घेऊन वर्षभर लिहिता येईल.

निपाणीची_ताई

शहापूरकरांशी बहुतेक सहमत, एका ठिकाणी नाही. अँगल फेडही वाईट नाही. माझी सुरुवात तिथंच झाली. हरण्याची भीती नसल्यामुळे मी प्रयोग करू शकले. ज्याला निकालाचा ताण येतो त्यानं तिथून सुरुवात करावी.

इंग्रजीबद्दल सांगते. आधी पूर्ण मराठीत लिही, आपल्या बोलीत. मग स्वतः इंग्रजीत आण, छोट्या वाक्यांत. मशीनकडून भाषांतर करून तसंच टाकू नकोस, पात्राचा आवाज मरतो. हौदा, शड्डू हे शब्द तसेच ठेव, पण पैलवान काय करतोय ते दाखव म्हणजे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. डाव मात्र पात्राच्या माहितीपत्रकात खुलासेवार लिहायचे, कारण लढतीचं वर्णन लिहिणारा माणूस वेगळा असतो. नुसतं ‘धोबीपछाड’ लिहिलंस तर त्याला काय कळणार? हात धरायचा, वळून खांद्यावर घ्यायचा, पाठीवरून पुढे आपटायचा, असं लिही.

खऱ्या पैलवानाचं नाव किंवा फोटो वापरू नकोस. आमच्या जवळच्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे 1959 मध्ये पहिले हिंदकेसरी झाले, त्यांचं नाव इकडे घराघरात आहे. त्या परंपरेचा आदर पात्राच्या बोलण्यात येऊ दे, पण पात्र तुझं स्वतःचं असू दे.

लालमाती_खानापूर

ताई, दादा, खूप आभार. ‘बीस्ट’ सोडला. आता पात्र असं: वजन 78 किलो, मोडलेले कान, जत्रेतल्या शेवटच्या कुस्तीत हरून गाव सोडलेला. पहिला मसुदा टाकतोय, खरं सांगा:

“वस्ताद सांगायचे, हात मिळवताना समोरच्याच्या डोळ्यात बघू नको, पायाकडे बघ. तुझं बोलणं मी तीनदा ऐकलं. तू तुझ्या पट्ट्याबद्दल बोललास, गाडीबद्दल बोललास. पाय मात्र सारखे हलवत होतास. मी येतोय तेव्हा तू थरथर कापशील आणि माझ्यासमोर गुडघे टेकून माफी मागशील.”

शहापूरकर

पहिली चार वाक्यं वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. ‘पाय मात्र सारखे हलवत होतास’ हे लाखात एक आहे, कारण तू समोरच्याचं लिखाण खरंच वाचलंस हे त्यातून दिसतं. आखाड्यात डाव टाकण्याआधी खडाखडी होते ना, दोघं एकमेकांचा जोर अजमावतात, तसंच आहे हे. नवीन मुलं फक्त स्वतःबद्दल लिहितात आणि तिथंच हरतात.

शेवटचं वाक्य काढ. समोरचा पैलवान त्याला लिहिणाऱ्याचा. त्याला घाबरलेला, गुडघे टेकलेला दाखवायचा हक्क आपल्याला नाही. बऱ्याच फेडमध्ये यासाठी गुण कापतात. त्याऐवजी तुझा गडी काय करणार ते लिही. मातीचा हात त्यानं पॅन्टला पुसला, एवढंही पुरे.

निपाणीची_ताई

आणि तो जत्रेत का हरला ते पहिल्याच वेळी सांगू नको. सहा लढतींनंतर सांग.

लालमाती_खानापूर

शेवटचं वाक्य काढलं. त्या जागी असं लिहिलंय: “विमानातून उतरल्यावर पिशवी उघडली. तळाशी गावच्या हौद्यातली मूठभर माती कागदात बांधून आणलीय. रिंगमध्ये माती नाही हे मला माहीत आहे. तळव्याला लावून येणार.”

इंग्रजीत आणायला दोन रात्री लागल्या. दीड हजार शब्दांची मर्यादा असलेला, अभिप्राय देणारा फेड सापडला. आज सकाळी नऊला टाकला, मुदतीआधी अर्धा तास. निकाल गुरुवारी आहे.

शहापूरकर

मूळ मराठी मसुदाही पूर्ण टाक की इथं. निकाल काहीही लागो, तो वाचायचाय.