कमिशनवरचा १८ टक्के जीएसटी: नंबर नसलेल्यानं का सोसायचा?

उदगीरची_काकू
काल इथं एकानं लिहिलं, "कमिशनवर १८ टक्के लागतो म्हणून रडणाऱ्यांनी जीएसटी नंबर घ्यावा. बिननंबरी धंदा म्हणजे करबुडवेगिरी." वाचून गप्प बसवेना. मी येसर, मेतकूट, काळा मसाला विकते. नोंदणीची मर्यादा ४० लाखांची, माझी वर्षाची उलाढाल त्याच्या आसपाससुद्धा नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून सरकारनंच आमच्यासारख्यांना नोंदणीशिवाय ऑनलाइन विकायला मुभा दिली. पॅन देऊन एनरोलमेंट नंबर घेतलाय, तो जीएसटी नंबर नव्हे, नुसती ओळख. बुडवलं काय यात? ५०० च्या ऑर्डरमागं विक्रीच्या ॲपनं कमिशन, पाठवणी मिळून १०० कापले, की वर जीएसटीचे १८ जातात. नंबरवाल्या मोठ्या दुकानदाराला ते त्याच्या देण्याच्या करातून वळते होतात, म्हणजे क्रेडिट मिळतं; मला मिळत नाही.

हिशेबी_लातूरकर
काकू, करबुडवे म्हणणं चूकच. पण तुम्ही अर्धाच हिशेब मांडलात. नंबर असता तर त्याच ५०० मधून ५ टक्क्यांनी २३.८० गेले असते. आज १८ जातात. फायद्यात तुम्हीच आहात.

उदगीरची_काकू
आणि मिरची, धणे, खोबरं? २०० चा माल घेतला की १० रुपये कर त्यातही भरलेला असतो. माझे झाले २८. नंबरवाल्याला दोन्हींचं क्रेडिट, त्याचे २३.८०च. आता सांगा, फायद्यात कोण?

हिशेबी_लातूरकर
मग घ्या की नंबर! रिटर्न तिमाही भरता येतं.

उदगीरची_काकू
रिटर्न तिमाही, पण कर महिन्याच्या महिन्याला. सीएची फी वेगळी. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये. मसाला कुटू का पोर्टल उघडून बसू?

मोंढा_जालना
मोबाइलच्या रिचार्जवरही १८ टक्के जातात, ते कोण परत मागतं? सेवा घेतली, कर भरा. आम्ही गाळ्याचं भाडं देऊन, नोकर ठेवून, सगळा कर भरून बसलोय. गिऱ्हाईक मात्र घरबसल्या तुमच्याकडं.

देगलूरचा_पोरगा
१८ टक्क्यांचं राहू द्या हो, खरी अडचण हद्दीची आहे. नंबर नसेल तर राज्याबाहेर पार्सल बंद. माझी आई गोधड्या शिवते. सावंतवाडीला पाठवता येते, घराजवळच्या निजामाबादला नाही. आमचं निम्मं गणगोत तेलंगणात!

उदगीरची_काकू
अगदी. १९५६ पर्यंत आमचं उदगीर आता कर्नाटकात असलेल्या बिदर जिल्ह्यातच होतं. लेकी तिकडं दिल्यात, येसरची चव तिथंच कळते. आणि ऑर्डर आली की ॲप म्हणतं, या पत्त्यावर विक्री नाही.

मोंढा_जालना
भावकीला पाठवायचं तर एसटीनं पाठवा. धंदा करायचा तर नियम पाळा.

देगलूरचा_पोरगा
नियम पाळतोय म्हणूनच ऑर्डर सोडतोय, शेठ. तुम्ही ट्रकभर माल हैदराबादला धाडता, आम्ही एक गोधडी नाही धाडायची?

मोंढा_जालना
मी बिल फाडून धाडतो! मालवाहतुकीचं ई-वे बिल काढतो, रात्री नाक्यावर गाडी अडली की फोन मला येतो. गोधडीचा आडोसा घेऊन मला शिकवू नका.

हिशेबी_लातूरकर
शेठ, सबुरीनं. हद्दीच्या नियमामागं कारण आहे. माल जिथं खपतो त्या राज्याला कर जातो, बिननंबरी विक्रीत तेलंगणाला काहीच पोचत नाही.

देगलूरचा_पोरगा
महाराष्ट्रात विकली तर महाराष्ट्राला तरी काय पोचतं? ४० लाखांखाली माफीच आहे ना? मग तीच माफी शेजारच्या राज्यात का नको?

हिशेबी_लातूरकर
...ह्याला माझ्याकडं उत्तर नाही. आणि काकू, ॲपच्या फीवरच्या करापुरतं तुमचं म्हणणं मानतो. हॉटेलच्या जेवणाला क्रेडिटशिवाय ५ टक्के चालतो, तर एनरोलमेंट नंबरवाल्यांच्या फीलाही तसा दर लावता येईल. कोण बिननंबरी, हे प्लॅटफॉर्मला ठाऊकच असतं. पण नंबर टाळणं हाच शहाणपणा, असं मी म्हणणार नाही.

उदगीरची_काकू
म्हणू नका. ५ टक्क्यांची मागणी तेवढी नीट लिहून द्या, आमच्या बचत गटाच्या सगळ्या बायका सह्या करतील.

मोंढा_जालना
आणि आमच्या भाड्यावरच्या जीएसटीचं कोण लिहिणार?