कॉम्प्युटर सायन्स, आयटी, एआय की कॉम्प्युटर इंजिनिअरिंग? तातडीने मदत हवी आहे

शून्यापासून
पसंतीक्रम भरायची मुदत परवा संपतेय आणि घरात अजून एकमत नाही. पर्याय चार: कॉम्प्युटर सायन्स, आयटी, एआय-डेटा सायन्स आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. पहिला क्रमांक कशाला द्यावा? एकदा भरलं की बदलता येत नाही. "आवड असेल ते घ्या" असं कृपया कुणी लिहू नका, ऐकून ऐकून कान किटलेत. नेमकं उत्तर हवंय.

पायवाट
चारही शाखा एकाच कॉलेजात आहेत का? गणित कसं आहे? आधी प्रोग्रॅमिंग केलंय? एवढं कळल्याशिवाय नेमकं उत्तर कोण देणार?

रातराणी
डोळे झाकून एआय-डेटा सायन्स. माझी भाची तेच शिकतेय आणि खूश आहे. पुढची सगळी कामं त्यातच आहेत.

गणितप्रेमी
रातराणी, असहमत. आज ज्या भाषा-मॉडेलांचा बोलबाला आहे त्यांच्या मुळाशी असलेली ट्रान्सफॉर्मरची रचना २०१७ च्या शोधनिबंधात मांडली गेली. त्याआधी पदवी घेतलेल्या कुणालाही ती कॉलेजात शिकायला मिळाली नव्हती. तरी त्यातले कितीतरी जण आज तेच काम करताहेत, कारण मॅट्रिक्स, संभाव्यता आणि कलन पक्कं होतं. बॅकप्रोपगेशन, म्हणजे चुकीवरून मॉडेलचे आकडे सुधारत नेण्याची पद्धत, गाजली ती १९८६ च्या निबंधामुळे, आणि तीही मुळात कलनातला साखळी नियमच आहे. शाखेच्या नावात एआय आहे की नाही हे बघू नका, गणिताचे पेपर किती आहेत ते बघा.

रातराणी
अहो, मग तुम्ही माझंच म्हणणं मांडताय! चांगल्या डेटा सायन्सच्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्र पहिल्या वर्षापासून असतं, सीएसमध्ये (कॉम्प्युटर सायन्समध्ये) एका पेपरात उरकतात. भाचीचं मॉडेल ९९ टक्के अचूक आलं म्हणून ती नाचत होती. सरांनी दाखवून दिलं की हजारात दहाच रुग्ण असतील, तर सरसकट सगळ्यांना निरोगी म्हणणारा प्रोग्रॅमसुद्धा ९९ टक्के अचूक ठरतो. असा विचार करायला तिथे शिकवतात, नुसतं गणित नाही.

अर्धविराम
लॅपटॉप घेणार असाल तर रॅम १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नका आणि पुढे वाढवता येते का ते आधी विचारा. काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, मग काही करता येत नाही.

शून्यापासून
लॅपटॉपचं विचारलेलं नाही. पायवाट, कॉलेज एकच आहे. गणितात मार्क चांगले आहेत, पण सिद्धता लिहायला तिला अजिबात आवडत नाही.

पायवाट
तिला? म्हणजे प्रवेश तुम्हाला घ्यायचा नाहीये?

शून्यापासून
धाकट्या बहिणीला घ्यायचाय. त्याने काय फरक पडतो? शाखा त्याच आहेत ना.

पायवाट
सगळाच फरक पडतो. मोकळा वेळ मिळाला की ती काय करत बसते?

शून्यापासून
खोलीभर वायरी. एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहे (एका चिपवरचा छोटा कॉम्प्युटर), त्याला बटणं आणि दिवे जोडते. मध्यंतरी एक बटण दाबलं की पडद्यावरचा आकडा एकने वाढायला हवा होता, तो कधी तीनने वाढायचा, कधी पाचने. मी म्हटलं बटण खराब आहे, दुसरं लाव. तिने ऐकलं नाही, रात्री जागून शोधत बसली आणि शेवटी कोडमध्येच काहीतरी बदलून ते थांबवलं. पण हा छंद झाला. मी शाखेबद्दल विचारतोय.

सर्किटवाला
दादा, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं! बटणातल्या धातूच्या पट्ट्या जुळताना क्षणभर थरथरतात. आपल्याला ते जाणवत नाही, पण बोर्डाला ते काही मिलिसेकंदही पुरेसे असतात. प्रत्येक थरथर म्हणजे त्याला नवं दाबणं वाटतं. पहिला बदल दिसला की वीसेक मिलिसेकंद थांबून पुन्हा वाचायचं, हा नेहमीचा उपाय. त्याला डीबाउन्सिंग म्हणतात. बटण न बदलता ती इथवर पोचली असेल तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला पहिला क्रमांक द्या. मी एम्बेडेडमध्ये, म्हणजे यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर, काम करतो, अशी माणसं आम्हाला शोधून सापडत नाहीत.

जुनाजाणता
एका बटणावरून पदवी ठरवू नका. सीएसच घ्यावं. कॉड या संशोधकाने रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याची, कल्पना १९७० मध्ये मांडली, ती आजही शिकवतात आणि आजही कामाला येते. सीएसमध्ये अशा टिकणाऱ्या गोष्टी शिकायला मिळतात. बोर्डाशी घरी खेळता येतं. ऑटोमाटा (गणन-यंत्रांचं गणिती रूप) आणि अल्गोरिदमचं विश्लेषण घरी बसून आपणहून कोण करतं?

सर्किटवाला
उलट आहे. सिग्नल बघायचे ऑसिलोस्कोप आणि लॉजिक अ‍ॅनालायझर, एफपीजीएचे (आतलं सर्किट हवं तसं रचता येणाऱ्या चिपचे) चांगले बोर्ड हे घरी कुठून आणणार? आणि सिग्नल चिपच्या पिनवर नक्की कसा उतरतोय हे बघताना शेजारी शिकवणारा माणूस लागतो. हार्डवेअरकडून सॉफ्टवेअरकडे गेलेले माझ्या ओळखीत ढिगाने आहेत, उलट दिशेने आलेले अगदी मोजके.

जुनाजाणता
कारण तिकडे कामं कमी आहेत म्हणून लोक सोडून येतात. हेही सांगा ना तिला.

तळटीप
मुळात कोड आता एआयच लिहितंय. या चारपैकी एकही शाखा घ्यावी का, याचा विचार आधी करा असं मनापासून वाटतं.

गणितप्रेमी
लिहून दिलेलं बरोबर आहे की नाही, हे ठरवायला कुणीतरी लागणारच. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे मुदत परवाची आहे.

पायवाट
शून्यापासून, एक सुचवतो. नावांवर जाऊ नका. एसीएम आणि आयईईई या कॉम्प्युटर क्षेत्रातल्या व्यावसायिक संघटनांच्या २००५ च्या अहवालात या क्षेत्राचे पाच भाग मांडले होते: कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, इन्फर्मेशन सिस्टिम्स, आयटी आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. २०२० च्या अहवालात सायबर सुरक्षा आणि डेटा सायन्सही आले. कागदावर हे भाग वेगळे आहेत, पण कॉलेजं नावं कशीही देतात. एका ठिकाणचं आयटी म्हणजे जवळजवळ सीएस असतं, दुसरीकडे त्यात नेटवर्क आणि सर्व्हर सांभाळण्यावर भर असतो. म्हणून चारही शाखांचे अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि फक्त सक्तीचे पेपर बघा. डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क, डेटाबेस, कॉम्प्युटर आर्किटेक्चर यातलं काय कुठे गाळलंय ते शोधा. ऐच्छिक विषयांची लांबलचक यादी बघून हुरळू नका. ते शिकवायला माणूस असेल आणि पुरेशी मुलं नाव देतील तरच ते चालू होतात.

आणि एक विनंती. हे तुम्ही करू नका, तिला करू द्या.

अर्धविराम
रॅमचं म्हटलं ते कुठलीही शाखा घेतली तरी लागू आहे.

बटणवाली
नमस्कार, मी बहीण. दादाने धागा दाखवला. सगळ्यांचे आभार. काल चारही अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून वाचले.

एआयच्या शाखेत आर्किटेक्चर सक्तीचं नाही, ऑपरेटिंग सिस्टीम दुसऱ्या एका विषयात मिसळून अर्ध्यावर आणलीय. संख्याशास्त्र मात्र खरंच भरपूर आहे, रातराणीताईंचं बरोबर. आयटी आणि सीएसमध्ये पहिली दोन वर्षं दोनच पेपरांचा फरक आहे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगमध्ये डिजिटल सर्किट, आर्किटेक्चर, मायक्रोकंट्रोलर, ऑपरेटिंग सिस्टीम सगळं सक्तीचं. अल्गोरिदमचा एकच पेपर आणि कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारा प्रोग्रॅम) हा विषय नाहीच.

सिद्धतांबद्दल दादाने लिहिलंय ते अर्धंच खरं आहे. मला त्या पाठ करायला आवडत नाहीत. एखादी गोष्ट का चालते हे मात्र कळल्याशिवाय मला सोडवत नाही. बोर्डाला वीज दिली की पहिली सूचना त्याला कोण देतं, हे मला अजून नीट कळलेलं नाही आणि तेच शिकायचंय. म्हणून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग पहिलं आणि सीएस दुसरं टाकावं असं वाटतंय. प्रश्न एवढाच की कंपायलर नंतर सीएस विभागातून घेता येईल का?

जुनाजाणता
एवढं वाचून ठरवलं असेल तर माझा विरोध नाही. विभागात जाऊन विचारा की दुसऱ्या शाखेचे पेपर घेता येतात का, आणि जागा आधी त्यांच्याच मुलांना देतात का. दुसरा प्रश्न विसरू नका. नियमात परवानगी असते, पण जागा उरत नाही.

शून्यापासून
आज जाऊन विचारून आलो. घेता येतो, पण जागा उरली तरच. तिने याच क्रमाने फॉर्म भरला. तिसरं आयटी, चौथं एआय.

सर्किटवाला
बटणवाली, तुझ्या बोर्डावर एआरएम कॉर्टेक्स-एम जातीचा प्रोसेसर असेल तर बघ: रीसेट झाल्यावर तो व्हेक्टर टेबलच्या (मेमरीतल्या पत्त्यांच्या यादीच्या) पहिल्या खान्यातून स्टॅक पॉइंटर (फंक्शनांच्या तात्पुरत्या जागेचा पत्ता) उचलतो, आणि लगेच पुढच्या खान्यातून रीसेट हँडलरचा, म्हणजे सुरुवातीच्या कोडचा, पत्ता. पहिली सूचना त्या पत्त्यावर असते. तुझ्या प्रोग्रॅमचं मुख्य फंक्शन main त्यानंतर बऱ्याच वेळाने येतं.

बटणवाली
सर्किटवाला दादा, पण स्टॅक पॉइंटर आधी का? अजून एकही फंक्शन चाललेलं नसताना?

सर्किटवाला
कारण पहिलंच फंक्शन चालू झालं की त्याला स्थानिक चल आणि परतीचा पत्ता ठेवायला जागा लागते. ती आधीच तयार असल्यामुळे रीसेट हँडलरसुद्धा सरळ सी भाषेत लिहिता येतो. बोर्डासोबत आलेली स्टार्टअप फाइल उघड, त्यात ते टेबल दिसेल.