मदत हवी आहे: गगनबावड्याकडे पिक लाइनचं ड्रेसिंग करणारी सिस्टर

नमस्कार. टाटाला केमो चालू असलेल्या आणि दोन सायकलच्या मधे गावी राहणाऱ्या पेशंटसाठी विचारतोय. दंडात पिक लाइन (PICC, केमोसाठी शिरेत घालून ठेवलेली लांब बारीक नळी) आहे. आठवड्यातून एकदा ड्रेसिंग आणि फ्लश (सलाइन ढकलून नळी साफ करणं). ड्रेसिंग भिजलं किंवा सुटलं तर लगेच. पावसाळ्यात ते सुटतंच. खाली घाम साचतो, पारदर्शक पट्टीची कड आधी पांढुरकी होते, मग उचलते. तिथूनच इन्फेक्शनला वाट मिळते.

करणाऱ्याला सवय हवी. सिरिंज १० मिलीचीच, लहान सिरिंजचा दाब जास्त पडून नळी फुटू शकते. सलाइन थांबत थांबत ढकलायचं, अडलं तर जोर लावायचा नाही. त्वचेला लावलेलं जंतुनाशक, क्लोरहेक्सिडिन, आपोआप वाळू द्यायचं, फुंकर नको. आणि जुनी पट्टी कोपराकडून खांद्याकडे सोडवायची. उलटी ओढली की नळीच बाहेर सरकते. घाईत नेमकं हेच चुकतं.

साळवण, गगनबावडा भागात घरी येऊन हे करणारं कुणी माहीत आहे का? मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं की कोल्हापूर गाठणं जमत नाही. घामात टिकणारी पट्टी कोल्हापुरात कुठल्या मेडिकलमध्ये मिळते, तेही कळवा.